पुळण खरंच चाललीय का? गावानं आपली वाळू आपण कशी मोजावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवणजवळच्या तारकर्ली-देवबाग पट्ट्यातली सुमारे अडीच किलोमीटरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. गेल्या तीन पावसाळ्यांत वाळू कमी झाल्यासारखी वाटते, माडांची पुढची रांग गेली. जुने रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) म्हणतात, "दसऱ्यानंतर रेव परत येता." तरुण मंडळींना दगडी बंधारा हवाय, होमस्टेवाल्यांना नकोय. ग्रामपंचायतीकडे पैसा नाही. वाळूची पातळी आपली आपण मोजायची तर कशी, कितीदा, माणसं किती लागतील, आणि ते आकडे पुढं कोण मानेल? शिवाय बंधाऱ्याबद्दल तुमचं मत काय?

किनाऱ्याची मोजणी हाच माझा धंदा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. रापणकर बरोबर सांगतायत आणि तरुणही बरोबर सांगत असू शकतात. पावसाळ्यात वाळू जाते आणि हिवाळ्यात परत येते, हे दरवर्षीचं आहे. प्रश्न एवढाच आहे की गेली तेवढी परत येते का. त्याचं उत्तर ऑगस्टमधल्या फोटोतून मिळत नाही आणि माडापासून पाण्यापर्यंत टेप धरूनही मिळत नाही. ते मिळतं एका मे महिन्याची वाळू पुढच्या मे महिन्याच्या वाळूशी ताडून, तीही त्याच रेषेवर, त्याच खुणेपासून मोजलेली असेल तरच.

जूनमध्ये नैर्ऋत्येच्या मोठ्या लाटा सुरू झाल्या की आधी पुळणीचा वरचा सपाट माथा कापला जातो. एका रात्रीत कमरेएवढा उभा कडा तयार झालेला तुम्ही पाहिला असेल. ती वाळू समुद्र गिळत नाही. ती पाण्याखाली, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, आडव्या दांड्यासारखी साठते. जुलैमध्ये दूरवर जिथं लाट पहिल्यांदा फुटताना दिसते तिथं बहुतेक तोच दांडा असतो. पाऊस ओसरला की लांब, मंद लाटा येऊ लागतात आणि हीच वाळू हळूहळू वर ढकलतात. आपल्या किनाऱ्यावर माथ्याची पातळी पावसाळ्यात एक ते दीड मीटर उतरणं आणि उन्हाळ्यापर्यंत भरून येणं यात काही विशेष नाही. म्हणून ऑगस्टमध्ये बंधाऱ्याची मागणी करणारा आणि फेब्रुवारीत "सगळं ठीक आहे" म्हणणारा, दोघंही अर्धंच वर्ष बघत असतात.

टेपनं का चालत नाही

पुळणीचा उतार साधारण वीसास एक धरा. म्हणजे समुद्राकडे वीस मीटर चाललात की एक मीटर खाली उतरता. मालवणच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक असतो. याचा अर्थ वाळूचा एक कणही न हलता पाण्याची कड सहा तासांत चाळीस मीटर आत-बाहेर होते. नुसत्या वीस सेंटीमीटरच्या फरकानं चार मीटर. आता "गेल्या वर्षी माडापासून पाणी पन्नास पावलं होतं, यंदा चाळीस" या वाक्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच बघा.

उपग्रहाच्या चित्रांचंही हेच. मोबाइलवर जुनी चित्रं मागे सरकवून पाहता येतात, आणि गावातला कुणीतरी हुशार मुलगा ते करतोच. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. लँडसॅटची १९८० च्या दशकापासूनची आहेत, तिथं ठिपका तीस मीटरचा. चित्र भरतीचं की ओहोटीचं हे न पाहता दोन पाणकडा जुळवल्या तर चाळीस मीटरची धूप घरबसल्या तयार करता येते. शिवाय जून ते सप्टेंबर ढगच दिसतात. चित्रं वापरायचीच तर पाण्याची कड सोडा आणि हिरवळीची कड धरा. मर्यादवेल किंवा सुरूचं बन जिथं संपतं ती रेघ रोजच्या भरतीनं हलत नाही. ती वीस-पंचवीस वर्षांत आत सरकली असेल तर तो पुरावा आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं अशाच चित्रांवरून देशाचा किनारा तपासला. १९९० ते २०१८ या काळात देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा धूप होणारा निघाला, महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश. सरकारकडे अर्ज करताना हे आकडे जरूर लिहा, पण त्यावरून तुमच्या अडीच किलोमीटरांचं काही सिद्ध होत नाही.

खुणा: इथं कंजूषी नको

पुळणीला आडव्या, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या, सहा-सात रेषा ठरवायच्या. दर तीन-चारशे मीटरवर एक. कर्ली नदीच्या मुखाकडच्या टोकाला त्या जवळजवळ घ्या, कारण तिथं वाळू सर्वांत जास्त खेळते. आधीच दगड टाकलेला तुकडा असेल तर तो जिथं संपतो तिथून पुढे पंचवीस, पन्नास आणि शंभर मीटरवर जादा रेषा हव्यात. बंधाऱ्याच्या शेवटाशी लाट वळते आणि शेजारची उघडी वाळू खाते. ते तुमच्याकडे होतंय का, हे या तीन रेषांवरून समजेल.

प्रत्येक रेषेला दोन पक्क्या खुणा लागतात, एक मागे आणि एक पुढे. दोन्ही एका ओळीत दिसल्या की तुम्ही रेषेवर आहात. खूण म्हणून माड कधीही धरू नका, तो कलतो, वाढतो आणि पडतो. वाळूत रोवलेला विजेचा खांबही नको. बंधाऱ्याचा दगड तर मुळीच नको, कारण तो स्वतःच खचतो. देवळाचा चौथरा, विहिरीचा पक्का काठ, शाळेची पायरी, जुन्या घराचं जांभ्याचं जोतं हे चालतं. असं काहीच जवळ नसेल तर वनस्पतीच्या रेघेच्या बऱ्याच मागे अडीच-तीन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट ओता आणि मधोमध सळीचा तुकडा जमिनीसरशी ठेवा. पाइप वर काढून ठेवलात तर आठवड्यात कुणीतरी त्याला होडी बांधेल, आणि महिनाभरात तो भंगारात गेलेला असेल.

प्रत्येक खुणेचं अंतर आजूबाजूच्या तीन न हलणाऱ्या वस्तूंपासून टेपनं मोजून वहीत लिहा, फोटो काढा. खूण हरवते, हे धरूनच चाला. तीन अंतरं असली की ती पुन्हा जागेवर बसवता येते. नसली तर मागची सगळी मेहनत त्या रेषेपुरती वाया.

उंचीचं काय? जवळपास सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क (उंची ठरवून दिलेली पक्की खूण) सापडला आणि तिथून तुमच्या खुणांपर्यंत कुणी उंची मोजून आणून दिली तर उत्तम, तुमचे आकडे सरासरी समुद्रसपाटीशी जोडले जातील. पण त्यासाठी अडून राहू नका. प्रत्येक खुणेचा माथा १०.०० मीटर असं गृहीत धरून सुरुवात करा. जोडणी नंतर कधीही करता येते, पण न घेतलेली मापं मागे जाऊन घेता येत नाहीत.

दोन काठ्या

के. ओ. एमरी या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं १९६१ साली मांडलेली पद्धत आजही गावासाठी सर्वांत चांगली आहे. सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्यावर १९७६ पासून दर महिन्याला मोजणी चालू आहे, जगातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी एक. तिची पहिली अठ्ठावीसेक वर्षं याच दोन काठ्यांवर निघाली, जीपीएसची उपकरणं तिथं २००४ नंतर आली.

दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या. दोन्हींवर वरून खाली सेंटीमीटरच्या खुणा करा, शून्य माथ्यावर. बुडाला हाताच्या पंज्याएवढी लाकडी चकती ठोका, नाहीतर ओल्या वाळूत काठी रुतते आणि प्रत्येक माप खोटं निघतं. दोन काठ्यांमध्ये बरोबर दोन मीटरची न ताणणारी दोरी. नायलॉनची नको, ती ओली झाली की लांबते.

मागची काठी खुणेवर आणि पुढची समुद्राकडे, दोरी ताणून. मागचा माणूस पुढच्या काठीच्या माथ्यावरून क्षितिज बघतो. ती नजर त्याच्या स्वतःच्या काठीवर माथ्यापासून जितकी खाली येते तितकी वाळू त्या दोन मीटरांत उतरली. वाळू समुद्राकडे चढत असेल तर उलट: मागच्या काठीच्या माथ्यावरून क्षितिज धरायचं आणि पुढच्या काठीवर वाचायचं. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी येते. पाण्यात गुडघ्यापर्यंत जाईस्तोवर हेच. तिसरा माणूस वहीत लिहितो आणि मोठ्यानं परत वाचून दाखवतो. हे परत वाचणं टाळू नका, लाटांच्या आवाजात "अठरा" आणि "अठ्ठावीस" सारखेच ऐकू येतात.

वहीत असं काहीतरी दिसायला हवं: रेषा ३, टप्पा ६, उणे ४. टप्पा ७, उणे १८. टप्पा ८, उणे ६१, शेरा "ताजा कडा". टप्पा ९, उणे १२, शेरा "काळी वाळू". टप्पा १०, अधिक ३, "चर". आकडा चुकलाय असं वाटलं तर त्यावर एक रेघ मारून बाजूला नवा लिहा. खोडरबर घरी ठेवा.

क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असतं, त्यामुळे या पद्धतीत दर मीटरला सुमारे एक मिलिमीटर उतार कमी भरतो, शंभर मीटरच्या रेषेवर दहा-बारा सेंटीमीटर. ही चूक दर वेळी जवळपास सारखीच असते, म्हणून आपलीच दोन मापं ताडताना ती कटते. दुसऱ्याच्या यंत्राशी तुलना करताना मात्र लक्षात ठेवा.

धुक्यानं किंवा उन्हाच्या धुरकटपणानं क्षितिज दिसत नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन टोकं दोन काठ्यांना लावा आणि पाण्याच्या पातळीतला फरक वाचा. थोडं वेळखाऊ आहे, पण वर सांगितलेली क्षितिजाची चूक यात नाही. आत बुडबुडा राहिलेला नाही एवढं बघा. खरं सांगायचं तर गावात ही नळी जास्त रुजते, कारण ती धरायला शिकवावं लागत नाही.

शक्य असेल तर वर्षातून एकदा, मे महिन्यात, जवळच्या अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या सिव्हिल विभागाला ऑटो लेव्हल आणि स्टाफ (पातळी बघायची दुर्बीण आणि खुणांची पट्टी) घेऊन बोलवा. विद्यार्थ्यांना सरावाला जागा हवीच असते. रेषा मोजून झाली की परत खुणेवर येऊन पातळी सुरुवातीच्या आकड्याशी जुळते का ते बघायला सांगा. शंभर मीटर जाऊन परत आल्यावर फरक पाच-सात मिलिमीटरच्या वर असेल तर पुन्हा करा. आरटीके जीपीएस (सर्व्हेवाल्यांचं जास्त अचूक जीपीएस) मिळालं तर दोन-तीन सेंटीमीटरच्या आत उंची मिळते आणि काम पटापट उरकतं. मोबाइलच्या जीपीएसवर उंची कधीच मोजू नका.

ड्रोनचं विचारणार, माहीत आहे. ड्रोननं संपूर्ण पुळणीचा नकाशा मिळतो ही त्याची खरी ताकद. पण जमिनीवर मोजलेल्या नियंत्रण खुणा नसतील तर ते सुंदर चित्र उंचीत अर्धा-पाऊण मीटर चुकलेलं असू शकतं. ओल्या चकाकत्या वाळूवर ते गडबडतं, पाण्याखालचं त्याला दिसत नाही, आणि चिपीचा विमानतळ जवळ असल्यानं उड्डाणाचा नकाशा आधी तपासावा लागेल. एकदाच उडवलेल्या ड्रोनपेक्षा पाच वर्षं चाललेल्या दोन काठ्या मला जास्त सांगतात.

कधी जायचं

उधाणाच्या ओहोटीला. तिथीला तीननं गुणून चारनं भागायचं की भरतीची वेळ येते, हा आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच. मालवणला मुंबईपेक्षा भरती थोडी आधी लागते, एवढं धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला किंवा संध्याकाळी येते, म्हणजे अंधारात किंवा सूर्य डोळ्यावर घेऊन काम. त्यापेक्षा द्वितीया किंवा तृतीया बरी. ओहोटी सकाळी सात-आठच्या सुमारास येते, ऊन पाठीवर असतं, क्षितिज उजळलेलं असतं, आणि उधाणाचा खरा जोर तसाही अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच असतो. भरतीच्या छापील वेळापत्रकाशी ताडून पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पहिल्या रेषेवर उभे राहा. शनिवार-रविवार बघून तारखा लावू नका, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, निम्मी पुळण पाण्याखालीच राहील.

महिन्यातून एकदा जमलं तर सोन्याहून पिवळं. नाहीच जमलं तर चार वेळा: एप्रिलअखेर ते १० मे, ऑगस्टअखेर, ऑक्टोबरअखेर आणि फेब्रुवारी. यातलं मे महिन्याचं माप कधीही चुकवू नका, आणि ते १० तारखेच्या पुढे ढकलू नका. २०२१ मध्ये तौक्ते वादळ १५-१६ मेला सिंधुदुर्गासमोरून गेलं. ज्यांनी "शाळेच्या परीक्षा संपू देत" म्हणून २० तारीख धरली असेल, त्यांना त्या वर्षी भरलेली पुळण मोजताच आली नसेल. आदल्या वर्षी निसर्ग ३ जूनला रायगडात धडकलं होतं. अशा वादळानंतर समुद्र शांत झाला की आठवड्याच्या आत जादा फेरी घ्या. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) उंच लाटांचे इशारे देतं, ते बघत राहा, म्हणजे मोठी लाट येण्याआधीची फेरीही घेता येईल. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, कोरड्या भागात जेवढं मिळेल तेवढं पुरे.

त्याच दिवशी एका ठरलेल्या जागेवरून फोटो. एखाद्या भिंतीवर मोबाइल टेकेल अशी लोखंडी खाच बसवा म्हणजे चौकट दर वेळी तीच येते. चौकटीत न हलणारी एखादी वस्तू हवी. पर्यटकांनाही काढू द्या आणि पाठवायला सांगा, फोटोवर वेळ असते आणि वेळेवरून भरतीची पातळी काढता येते.

आकड्यांचं काय करायचं

प्रत्येक टप्प्याचे चढ-उतार खुणेच्या १०.०० मधून वजा-बेरीज करत गेलात की रेषेवरच्या प्रत्येक जागेची उंची मिळते. आता एक तळपातळी ठरवा, समजा ६.००. तिच्या वर किती वाळू आहे ते काढायचं: दोन शेजारच्या उंचींची सरासरी, वजा सहा, गुणिले दोन मीटर, आणि सगळ्याची बेरीज. उत्तर येतं पुळणीच्या दर मीटर लांबीला इतके घनमीटर. तळपातळी आणि सुरुवातीची खूण एकदा ठरली की बदलायची नाही. मी तपासलेल्या गावपातळीवरच्या नोंदींत सर्वांत जास्त दिसणारी गफलत हीच आहे. ज्या दिवशी मुलं उत्साहानं पाण्यात आणखी दहा मीटर गेली त्या दिवशी "वाळू वाढली" असं दिसतं. सहाच्या पातळीपर्यंत न पोचलेली रेषा त्या फेरीत धरू नका.

समजा रेषा ३ वर पहिल्या मे महिन्यात ९४ घनमीटर भरले. ऑगस्टअखेर ५१. पुढच्या मे महिन्यात ९०, आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यात ८१. ऑगस्टचा ४३ चा खड्डा पाहून गाव हादरेल, पण तो ऋतूचा आहे. पहिल्या वर्षीची ४ ची घट मोजणीच्या चुकीतच बसते: साठ मीटरच्या रेषेवर पाच सेंटीमीटरची सरसकट चूक म्हणजेच ३ घनमीटर, आणि ती दोन्ही मे महिन्यांच्या मापांत असू शकते. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण घट १३ झाली, आता मात्र मी खुर्चीत सरळ बसेन. ही रेषा चारशे मीटर पुळणीसाठी धरली तर ५,२०० घनमीटर. सभेत हा आकडा ब्रासमध्ये सांगा, एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणून सुमारे १,८४० ब्रास. घनमीटर ऐकून मान हलवणारे लोक ब्रास ऐकल्यावर डंपर मोजायला लागतात.

पण एका रेषेवरून निकाल देऊ नका. उन्हाळ्यात वायव्येकडून वारा-लाटा येतात, पावसाळ्यात पश्चिम-नैर्ऋत्येकडून. त्यामुळे वाळू पुळणीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकते आणि पुन्हा फिरते. उत्तरेच्या दोन रेषांत तूट आणि दक्षिणेच्या दोनांत तेवढीच वाढ असेल तर ती धूप नव्हे, जागाबदल आहे. तुमच्याकडे आणखी एक घर आहे वाळूचं, कर्लीच्या मुखाचा उथळा. पर्यटक ज्याला सुनामी आयलंड म्हणतात तो दांडा फुगतो, आक्रसतो, सरकतो. तिथं अडकलेली वाळू तुमच्या रेषांत दिसणार नाही. म्हणून दर फेरीला ओहोटीच्या वेळी त्याचा आकार चालत जाऊन मोबाइलच्या जीपीएसनं आखून घ्या. चार-पाच मीटरची चूक तिथं चालते.

वहीत एक पान घटनांचं ठेवा. खाडीत वाळूउपसा कधी आणि कुठं चालू होता, कुणी जेसीबीनं पुळण सपाट केली, सुरू तोडले, कुठं दगड टाकले, नदीला पूर कधी आला. कोकणातल्या नद्या आखूड आहेत, त्यांनी आणलेली वाळू थोडीच असते, ती वरच्या धरणात अडली किंवा खाडीतून पंपानं उपसली की पुळणीच्या वाट्याला कमी येते. हे कारण आहे असं आत्ताच म्हणू नका. तारखा लिहिल्या असतील तर तीन वर्षांनी आकडे आणि तारखा शेजारी ठेवून बोलता येईल.

"समुद्राची पातळी वाढली म्हणून" हे उत्तर मात्र घाईनं स्वीकारू नका. मुंबईच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे, आणि तिथली दीर्घकालीन वाढ वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास येते. अलीकडच्या दशकांत वेग वाढलाय, तीनेक मिलिमीटर धरा. त्याचा परिणाम खरा आहे आणि पुढच्या पिढीला भोवणार आहे, पण तीन वर्षांत दहा मीटर पुळण गेली असेल तर ती तेवढ्यानं गेलेली नाही. काही तरी जवळचं, स्थानिक कारण शोधा.

काळी वाळू वर आली की लोक घाबरतात. लाटेनं हलकी पांढरी वाळू धुवून नेली आणि जड खनिजं मागं राहिली, एवढाच त्याचा अर्थ. शेऱ्यात लिहा, पुढं चला.

कोण मानेल, आणि बंधाऱ्याचं काय

अधिकारी आकडे नाकारतात ते बहुतेक वेळा खुणा, वेळ आणि मूळ वही नसते म्हणून. प्रत्येक पानावर तारीख, सुरू-संपण्याची वेळ, भरतीची वेळ, मोजणाऱ्यांच्या सह्या. मूळ वही ग्रामपंचायतीत, फोटो काढलेली प्रत दुसरीकडे, एक्सेलमधली तिसरी. वर्षातून एकदा कॉलेजनं स्वतंत्र मोजलेली रेषा तुमच्या काठ्यांच्या मापाशी जुळली की तुमच्या बाकीच्या फेऱ्यांनाही वजन येतं. असं बाड घेऊन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलात तर पुढची मागणी नेमकी करता येते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेनं अभ्यास करावा असं म्हणायचं असेल, तर त्यांनाही आधीची मापं लागतातच. तुम्ही ती देऊ शकलात तर त्यांचं एक-दोन हंगामांचं काम वाचतं.

बंधाऱ्याबद्दल माझं मत विचारलंत म्हणून: दगडी भिंत तिच्या मागची जमीन वाचवते, समोरची पुळण वाचवत नाही. लाट भिंतीवर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू उकरते, मग ओहोटीलाही चालायला जागा उरत नाही. होमस्टेवाल्यांची भीती खोटी नाही. पण ज्याच्या ओट्याखालची वाळू गेलीय त्याला "तीन मे थांबा" सांगता येत नाही. अशा घरांपुरती तातडीची तजवीज वेगळी मागा, सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी घेऊनच, आणि अडीच किलोमीटरच्या निर्णयाशी तिची गल्लत करू नका. काहीही बांधायचं ठरलं तरी आधीचं किमान एक पूर्ण वर्ष मोजलेलं असू द्या. नाहीतर भिंतीनं फायदा झाला की तोटा, यावर पुढची वीस वर्षं भांडण चालू राहील.

माणसं किती लागतील असंही तुम्ही विचारलंय. तीन पुरतात, चौथा असला तर बरं. एका रेषेला वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे एका ओहोटीत एका चमूच्या चार-पाच रेषा होतात. मुखाकडच्या आणि बंधाऱ्याकडच्या जादा रेषा धरून दोन चमू करा किंवा लागोपाठ दोन सकाळी घ्या. नोंद ठेवणारा माणूस दर वेळी तोच ठेवा, शाळेतले सर किंवा बचत गटाच्या एखाद्या ताई. काठ्या धरणारी मुलं मुंबईला गेली तरी चालतं, वही धरणारा बदलला की नोंद तुटते.

यंदाची सुरुवात ऑक्टोबरअखेरच्या द्वितीयेला करा, पण खुणा त्याआधी आठ दिवस बसवून काँक्रीट पुरतं सुकू द्या. पहिल्या दोन फेऱ्यांच्या वहीच्या पानांचे फोटो आणि खुणांची तीन-तीन अंतरं इथंच टाका, मी आकडेमोड तपासून देतो.